पाणी जातं कुठं

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते ज्वारी उन्हात टाकायचं. पोतं मी ओढत अंगणात आणलं, तिनं तोंड सोडलं, अन दोघांनी हातानं दाणे पांगवले. ती बसूनच पांगवत होती, कारण उभं राहिलं की तिचे पाय कापायचे. तिनं मूठभर दाणे नाकाशी नेले, दोन दाताखाली फोडले अन म्हणली, "ओल हाये अजून. दोन दिस भरू नका." मी म्हणलं, "एवढं कडक ऊन पडून राह्यलंय, आजच वाळंल." तर म्हणली, "तुमचं नाक निस्तं माशा बसायच्या कामाचं."

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दुपारी चारला ती बाजेवर पडल्या पडल्या गेली. लोक सांगतात, आमची मंडळी जाताना हात हातात घेऊन गेली, देवाचं नाव घेऊन गेली. माझी माझ्या नाकाला नावं ठेवून गेली.

ती कशी होती हे सांगायचं तर तिच्या नाकापासूनच सुरू करावं लागंल.

तिचं माहेर घनसावंगीकडं, मेंढरं राखणाऱ्यांचं. शाळा तिनं बाहेरून बघितली. पोर असताना आठ-आठ महिने मेंढरामागं रानात. तिथं जनावर आजारी पडलं तर डॉक्टर कुठून येणार? तोंडाचा वास घ्यायचा. लेंडी फोडून बघायची. अन डोळ्याची खालची पापणी बोटानं खाली ओढून आत बघायचं. आत लाल असलं तर जनावर ठीक, पांढरं असलं तर रगत कमी. एवढीच तिची डॉक्टरकी. लग्न करून ती आमच्या घरी आली तवा ही डॉक्टरकी संगं आणली, अन इथं मेंढरं नव्हती म्हणून माणसावर सुरू केली.

पोस्टमन पत्र घेऊन आला की त्याची पापणी. शाळेचे गुरुजी खानेसुमारीला आले, त्यांची पापणी. मी अंबडच्या एका वकीलसाहेबांच्या गाडीवर तीस वर्षं ड्रायव्हर होतो. साहेब एकदा आमच्या घरी चहाला आल्ते. चहा द्यायच्या आधी हिनं डोक्यावरचा पदर सावरला, पुढं झाली अन साहेबांचा डोळा खाली ओढला. माझा जीव गेला. साहेब तसेच बसून राहिले. ही म्हणली, "गूळ-शेंगदाणे खात जा. आतून फिक्के झाले तुम्ही." साहेब कोर्टात मोठमोठ्यांना घाम फोडायचे, पण दुसऱ्या दिवसापासून डिकीत गूळ-शेंगदाण्याचा डबा आला.

लेकीला बघायला बदनापूरचा पोरगा आला, तवा सगळे पगार इचारत होते, शेत इचारत होते. ही पाणी द्यायच्या निमित्तानं पोराच्या मागं गेली अन वास घेतला. आत येऊन मला म्हणली, "द्या पोरगी. घाम सरळ हाये, दारूचा न्हाई." पोरानं ते ऐकलं. आज तो आमचा जावई हाये अन अजून सासूचं नाव काढलं की बगलेत नाक घालून दाखवतो.

पण तिचं सगळ्यात मोठं येड म्हणजे गाडी. आधी कोणत्याच गाडीत ती बसायची न्हाई. लग्नानंतर एकदा एसटीत बसवलं. अंबड येईपर्यंत तीनदा ओकली, तिसऱ्यांदा कंडक्टरच्या पिशवीत. म्हणली, "पन्नास माणसांचा वास एका डब्यात कोंडून घेतल्यावर काय व्हईल?" तवापासून एसटी बंद, जीप बंद, रिक्षा बंद. अंबडला बाजाराला जायचं तर पायी. माहेरी जायचं तर एक मुक्काम वाटेत करून पायी.

वकीलसाहेब गेल्यावर बाईसाहेबांनी त्यांची जुनी गाडी मला देऊन टाकली. गोल बोनेटची, पुढून हँडल मारून चालू होणारी. ती बनवणारी कंपनी कवाच बंद पडली. लग्नसराईत लोक नवरदेव मिरवायला नेतात, म्हणून अजून टिकली. गाडी दारात आली त्या दिवशी हिनं चारी दारं उघडली, सीटला नाक लावलं, बोनेट उघडायला लावून आत नाक लावलं. मंग मागच्या सीटवर डाव्या बाजूला जाऊन बसली. म्हणली, "हिचा वास मला झेपतो." ओकली न्हाई. त्या दिवसापासून तिला जग दिसायला लागलं म्हणा ना. पैठण बघितलं, जालन्याचा बाजार बघितला, लेकीचं घर बघितलं. सगळं मागच्या सीटवर डाव्या बाजूला, काचेबाहेर डोकं काढून.

अन ज्यानं तिला जग दाखवलं त्या इंजनाची ती मेंढरासारखीच देखभाल करायची. सकाळी बोनेट उघडून वास. ऑइलची काडी काढून दोन बोटांत चोळून बघायची. रेडिएटरमध्ये मी साधं आडाचं पाणी टाकायचो. ती टोपण काढून बोट बुडवायची अन जिभेला लावून थुंकायची. गावात लोक हसायचे. मी बी हसायचो. मी गाड्यांच्या खाली आयुष्य घातलेला माणूस, मला ही बाई काय शिकवणार?

मंग मागच्या हिवाळ्यात गाडी पाणी प्यायला लागली.

आधी मला कळलंच न्हाई. अंबडला जाऊन आलं की रेडिएटर एक तांब्याभर खाली. मी भरायचो. दोन दिवसांनी परत एक तांब्या. पाण्याची रबरी होज बघितली, पंप बघितला, रेडिएटरची जाळी बघितली. कुठं थेंब न्हाई. हिनं गाडीखाली धुतलेलं पोतं पसरलं. सकाळी पोतं काढलं तर कोरडं ठाक.

ती त्या पोत्यावर हात फिरवत बसली. म्हणली, "जनावर पितंय अन मुतत न्हाई. मंग पाणी जातं कुठं?"

"उन्हानं उडत असंल."

"पौषात कुठलं ऊन? आतल्या आत जाऊन राह्यलंय."

त्याच दिवसांत तिचं बी काही बराबर नव्हतं. भाकर अर्धी ठेवायची. दोन घास खाल्ले की म्हणायची, पोट भरलं. हातातला चुडा कोपरापर्यंत सरकायचा. आडावरून हंडा आणताना मधी दोनदा बसायची. लेक बदनापूरहून फोन करायची, "आईला जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा." मी हिला म्हणलं, "चल उद्या." तर म्हणली, "जाऊ की. गाडी बरी झाली की जाऊ."

आता इथं माझं खरं दुखणं सुरू झालं. जालना काय लांब न्हाई. पण इंजन अशा अवस्थेत वाटेत तापलं अन हेड, म्हणजे इंजनाचं वरलं झाकण, वाकलं तर संपलं, ह्या गाडीचं सामान आता कुठंच भेटत न्हाई. अन दुसऱ्या गाडीत ही बसणार न्हाई. म्हणजे पाणी कुठं जातंय हे सापडंपर्यंत माझी बायको डॉक्टरपुढं जाणार न्हाई. अकरा दिवस लागले. मी ते बोटावर मोजलेत, एक-एक.

पहिल्यांदा मी जालन्याहून एक मिस्त्री आणला. दुचाकीवर आला, बोनेट उघडं होतं, त्यात बघितलं अन म्हणला, "चाचा, इंजन खोलना पडेगा. हेड गॅसकेट गेली नायतर हेड चिरलं. बिलकुल पक्की बात."

ही ओट्यावरनं म्हणली, "दोन्हीतलं काय?"

"खोलल्यावर कळंल, चाची."

"हात बी न लावता खोलतो? तुझ्या घरी कुणाचं पोट दुखलं तर आधी सुरी काढतो का?"

मिस्त्री चहा न पिता गेला. मी लई चिडलो. म्हणलं, "अगं, त्याचं बराबर होतं. खोलून टाकू, एका दिवसात कळंल."

"आधी इचारायचं," ती म्हणली. "इचारून झालं की मंग हात घालायचा."

हे तिचं कायमचं बोलणं. त्यामागं तिच्या बापाचा मेंढा होता. तो कळपातला सगळ्यात मोठा. एक दिवस पोट फुगून पडला. वाटेनं जाणारा एक माणूस म्हणला, आत गाठ हाये, कापा. बापानं घाबरून कापू दिलं. आत ओला चारा, लसूणघास, भरला होता, दुसरं काई न्हाई. गरम पाण्यात ओवा घालून पाजला असता तर संध्याकाळी चरायला लागला असता. ही तवा सात वर्षांची, मेंढ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. म्हणायची, "कुणी इचारलंच न्हाई, काल काय खाल्लं म्हणून."

तर ती इंजनाला इचारायला बसली. मी नुसता पाना घेऊन उभा.

सकाळी गाडी चालू केली की मागून पांढरा धूर. मी म्हणलं, थंडीत सगळ्याच गाड्या सोडतात. ती म्हणली, "गरम होऊ द्या." दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. इंजन चांगलं तापलं, बाकीच्यांचा धूर एव्हाना बंद झाला असता, आमच्या गाडीचा चालूच. हिनं माझं जुनं धोतर फाडून सायलेन्सरपुढं धरलं. फडकं ओलं झालं. वास घेतला. म्हणली, "ऑइल जळाल्याचा वास न्हाई. निस्ती वाफ."

मंग ऑइलची काडी. मला हीच भीती होती. ऑइलात पाणी गेलं की त्याचं ताक होतं, अन ताक झालं की आतली बेअरिंगं गेली. मला काडी ओढायचा धीर होईना. तिनं ओढली, दोन बोटांत चोळली, उजेडात धरली. काळं, साफ. "ताक न्हाई झालं," ती म्हणली. मी कपाळ पुसलं. ती हसली, "तुम्ही का घाम पुसून राह्यले? ऑइल हिचं हाये."

दुसऱ्या दिवशी टोपण काढून गाडी चालू केली. रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे यायला लागले, एकामागं एक, न थांबता. "ढेकर देऊन राह्यली," ती म्हणली. "जळकट ढेकर." मला आता समजलं. जाळ अन पाणी अलग ठेवणारी हेडखालची गॅसकेट जळली की हेच होतं, जाळाची हवा पाण्यात घुसत होती, अन पाणी जाळात. मी म्हणलं, "झालं ना! गॅसकेट गेली. उघडतो." ती म्हणली, "जाळाची चार घरं हायेत आत. कोणत्या घरातून?"

"उघडल्यावर दिसंल की!"

"आता हे त्या मिस्त्रीवानी बोलले तुम्ही."

अन पुढचा दिवस अमावस्या. अमावस्येला आमच्याकडं औत जुंपत न्हाईत, अन तिच्या माहेरी मेंढरं कातरत न्हाईत. तिनं इंजनाला हात लावू दिला न्हाई. मी अंगणात येरझारा घातल्या, ओरडलो, भांडं आपटलं. लेकीचा फोन आला, "आप्पा, तुम्ही आईचं बघून राह्यले का गाडीचं?" मी म्हणलं, "दोन्ही एकच झालंय बाई, तुला काय सांगू." लेक रडायला लागली. मी फोन हिच्याकडं दिला तर ही तिला म्हणली, "रडू नको. तुझ्या पोराला जंताचं औषध दिलं का?"

अमावस्या सरली. मी चारी प्लग काढून ताटात मांडले. तीन प्लग काळे, काजळी धरलेले, जसे असायला पाहिजेत. एक पांढरा स्वच्छ, जसा दुकानातून आणलेला. पुढून तिसरा. ती ताटाकडं बघत म्हणली, "ह्याचाच दात रोज कोण घासून राह्यलं?" पाण्याची वाफ रोज त्याला धुत होती. मी तीस वर्षं ड्रायव्हर, हजार वेळा प्लग काढले, पण चारी शेजारी-शेजारी ठेवून कवा बघितले न्हाईत. तिनं मेंढरं अशीच शेजारी-शेजारी उभी करून बघितली होती.

तरी तिचं समाधान न्हाई. म्हणली, एका साक्षीवर फाशी देत न्हाईत, तुमच्या वकीलसाहेबांनीच सांगितलं होतं. मंग प्लग बसवून गाडी तापवली, टोपण घट्ट लावलं, बंद करून निवू दिली. प्लग परत काढले. मी पुढून हँडल मारलं अन तिनं घासलेलं स्टीलचं ताट प्लगच्या छिद्रांपुढं धरलं. पहिल्यापुढं कोरडं. दुसऱ्यापुढं कोरडं. तिसऱ्यापुढं ताट धरलं अन मी हँडल मारलं, फस्स करून तुषार उडाला. ताटावर थेंब उभे राहिले. तिनं बोटावर घेऊन जिभेला लावला.

"आपल्याच आडाचं हाये," ती म्हणली, अन तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

तिला तिथंच डुलकी लागली. भर दुपारचं ऊन तिच्या तोंडावर आलं होतं. मी ताट उचलायला वाकलो अन काय मनात आलं कुणास ठाऊक, तिची खालची पापणी बोटानं ओढली. चाळीस वर्षांत तिनं अख्ख्या गावाच्या पापण्या ओढल्या. तिची कुणी ओढली न्हाई. मी बी न्हाई.

आत लाल नव्हतं. गुलाबी बी नव्हतं. सोललेल्या लसणासारखं पांढरं.

ती जागी झाली. माझं बोट तिच्या गालावर होतं. ती म्हणली, "बघितलं?" मी म्हणलं, "तुला ठावं होतं?" ती म्हणली, "आरसा हाये की घरात."

मी तसाच फाट्यावर पळालो. घनसावंगीहून जालन्याला जाणारी जीप थांबवली, आत बारा माणसं होती, ड्रायव्हरच्या हातापाया पडून ती दारापर्यंत आणली. ही उंबऱ्यात बसलेली. जीपवाला हॉर्न वाजवतोय, आतले ओरडतायत, "मामा, जल्दी करा ना!" एक बाई म्हणली, "उचलून घाला की आत, काय तमाशा लावलाय."

ही म्हणली, "न्यायचं तर न्या. ओकून ओकून अंबडातच मरंन. मंग जालन्याच्या डॉक्टरला काय दाखवणार, साडी?"

"तुला पाया पडतो," मी म्हणलं. सगळ्यांसमोर म्हणलं.

तिनं पदर सावरला. मंग हळू म्हणली, "अवो, मी येणार न्हाई असं कवा म्हणलं? उघडा की आता. आता ठावं हाये कुठं उघडायचं ते."

जीप गेली. मी पाना घेतला. लोक मला आजही बोलतात, तुम्ही तिला बांधून का न्हाई नेलं. जावई बोलला, त्याचा भाऊ बोलला. त्यांना काय सांगू? ज्यांनी तिला बघितलं त्यांना सांगावं लागत न्हाई, अन बाकीच्यांना सांगून कळत न्हाई. तरी रोज सकाळी मला वाटतं, बांधून न्यायला पाहिजे होतं.

हेड उघडलं. तिसऱ्या घराच्या कडेला गॅसकेट जळून काळी पडलेली, बोटभर. बरोबर तिनं सांगितलं तिथं. नवी गॅसकेट वकीलसाहेबांच्या काळची ऑइलच्या कागदात गुंडाळून माळ्यावर होती. मी म्हणलं, "बसवतो, उद्या निघू." ती म्हणली, "गॅसकेट जळली खरी. पण हेड बी चिरलं असलं तर? वाटेत बंद पडलं तर मी कुठं जाऊ, परत जीपमध्ये?"

मंग तिनं जे केलं ते माझ्या उस्तादानं मला पोरपणी एकदा सांगितलं होतं अन मी इसरून गेल्तो. मी फक्त म्हणलं की हेडला चिर असली तर रॉकेल झिरपतं. पुढचं तिनं डोक्यानं काढलं. हेड उलटं करून दोन विटांवर ठेवलं. पाणी जायच्या तोंडाला मळलेली कणीक गच्च लावली. वर आलेल्या चार वाट्यांना भिंतीला देतात तसा चुना लावला, ब्रश न्हाई तर कडुलिंबाची काडी चावून. चुना वाळला. मंग पाण्याच्या वाटांत रॉकेल ओतलं. चिर असंल तर पांढऱ्या चुन्यावर काळी ओली रेघ उमटणार.

ती शेजारी पोत्यावर आडवी झाली. म्हणली, "बघत राहा. रेघ दिसली तर उठवा."

मी बघत बसलो. असं बसणं मी कवा बसलो न्हाई. एक डोळा चुन्यावर, एक डोळा तिच्या पोटावर, पोट खाली-वर होतंय का न्हाई. मला कुठं बी रेघ दिसायला लागली. माशी बसली तरी रेघ वाटायची. ती खोकली की मी चुन्याकडं बघायचो, चुन्यावर सावली हलली की मी तिच्याकडं. उन्ह भिंतीवरून उतरलं. रेघ उमटली न्हाई. मी तिला उठवलं. तिनं चारी वाट्यांना नाक लावून वास घेतला, अन म्हणली, "चिर न्हाई. बसवा."

दुसऱ्या दिवशी बसवली. पाणी भरलं, गाडी चालू केली. बुडबुडा एक न्हाई. धूर सुरुवातीला आला अन तापल्यावर बंद झाला. बाराव्या दिवशी सकाळी आम्ही जालन्याला निघालो. ती मागच्या सीटवर डाव्या बाजूला, डोकं बाहेर. बदनापूरच्या फाट्यावर लेक चढली. वाटेत चारदा गाडी थांबवून मी पाणी बघितलं. जेवढं भरलं तेवढंच.

दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता. त्यानं पोट दाबलं, रगत घेतलं, फोटो काढले. कागद यायची वाट बघत बसलो तवा हिनं त्याला जवळ बोलावलं. तो वाकला, तर हिनं त्याची पापणी ओढली. "साहेब, तुमच्यात बी कमी हाये. जेवता का न्हाई टायमावर?" डॉक्टर हसला. नर्स हसली. मंग कागद आले अन तो हसायचा थांबला.

तिच्या आतड्यात गाठ होती, अन त्यातून रगत आतल्या आत जात होतं. बाहेर काई दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणला, "आजी, एरवी अशा वेळी पोट उघडतात."

"सगळं इचारून झालं का तुमचं?"

"झालं. सगळ्या तपासण्या झाल्या."

"मंग उघडून काय व्हईल?"

तो माझ्याकडं बघायला लागला. ती म्हणली, "त्यांच्याकडं नका बघू, ते घाबरट हायेत. मला सांगा."

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यापुढं बसला. म्हणला, "गाठ यकृतापर्यंत पसरली आहे. उघडून काही होणार नाही, आजी."

"मंग बराबर हाये," ती म्हणली. "नका उघडू." अन लेकीला म्हणली, "पदर नीट घे, रडताना बी नीट राहावं."

तीन महिने राहिली. दर पंधरा दिवसांनी रगत चढवायला जालन्याला जायचो, आमच्याच गाडीत. येताना तिच्या गालाला जरा रंग आलेला असायचा अन ती रस्त्यावरच्या लोकांना नावं ठेवायची. गाडीनं एकदा बी दगा दिला न्हाई.

ती गेली त्या संध्याकाळीच सगळं उरकलं. सावडायचं तिसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी घर भरलेलं होतं, बायका आत, गडी ओट्यावर. मी उठलो, सदरा घातला अन फाट्याकडं निघालो. लेक मागं पळत आली.

"आप्पा, सुतकात कुठं चालले? लोक काय म्हणतील?"

"आलोच," म्हणलं.

एसटीनं अंबड, अंबडहून जालना. दवाखान्यात नंबर लावला. खिडकीवरच्या पोरीनं इचारलं, पेशंट कुठंय? म्हणलं, पेशंट न्हाई, इचारायचंय. बसा म्हणली. माझ्या आधी सतरा जण होते. आत गेलो तर डॉक्टरनं ओळखलं, उभा राहिला. त्याला कळलं.

मी म्हणलं, "साहेब, एकच सांगा. तिला दवाखान्यात आणायचं ठरलं अन आणलं, त्यात अकरा दिवस गेले. गाडीचं इंजन बिघडलं होतं. ते अकरा दिवस आधी आणली असती तर?"

"बाबा, अकरा दिवसांनी काही फरक पडला नसता. मनाला लावून घेऊ नका."

"असं न बघता सांगू नका. कागद काढा, बघा, मंग सांगा."

त्याला राग आला नसावा. त्यानं कागद मागवले. पहिल्यापासून वाचले, फोटो उजेडात धरून बघितले, दोनदा. बाहेर लोक दार ढकलत होते. मी हात जोडून उभा होतो, का जोडले होते ते मला ठावं न्हाई.

"अकरा दिवसांचं हे दुखणं नव्हतं," तो म्हणला. "खरंच नव्हतं. वर्ष-सव्वा वर्ष तरी आधीपासून असणार. तेव्हा आणलं असतं तर कदाचित..." तो थांबला. मंग त्यानंच इचारलं, "तेव्हा का नाही आणलं, बाबा?"

मी म्हणलं, "तवा कुणी इचारलंच न्हाई. गाडी एकदम बराबर चालत होती, साहेब."